पात्रांना कंठ फुटला तेव्हा

नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत पंधरा दिवसांच्या अंतराने दोन ऑनलाइन गेम बाजारात आले. ८ तारखेला सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटचा ‘एव्हरक्वेस्ट २’ आणि २३ तारखेला ब्लिझार्डचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. घाट दोन्हींचा सारखाच. हजारो खेळाडू एकाच वेळी वावरतील असं काल्पनिक जग, त्यात गावं, जंगलं, राक्षस आणि जागोजागी उभी असलेली, खेळाडूला काम सांगणारी पात्रं. अमुक गुहेतून तमुक वस्तू आण, दहा लांडगे मार, ही चिठ्ठी पलीकडच्या गावी पोचव. अशा कामगिरीला खेळाडू ‘क्वेस्ट’ म्हणतात आणि ती देणाऱ्या, संगणकाने चालवलेल्या पात्राला ‘एनपीसी’.

‘एव्हरक्वेस्ट २’मधली ही पात्रं चक्क बोलत होती. सोनीने २६६ कलाकारांकडून सुमारे १३० तासांचं संभाषण ध्वनिमुद्रित करून घेतलं होतं. आकाशवाणीवरच्या नभोनाट्याला पाच-सहा कलावंत पुरतात, हे लक्षात घेतलं की या कामाचा आवाका कळतो. कीनॉस नगरीची राणी अँटोनिया बेल हिला हेदर ग्रॅहमचा आवाज होता आणि फ्रीपोर्टचा जुलमी अधिपती ल्यूकन डी’लेअर ख्रिस्तोफर ली यांच्या खर्जात बोलायचा. ‘वॉरक्राफ्ट’मधली पात्रं मात्र स्वागताचा एखादा शब्द उच्चारून गप्प व्हायची. काम काय आहे, कशासाठी आहे, बक्षीस काय मिळेल, हे सगळं जुनाट चर्मपत्रासारख्या चौकटीत वाचायचं.

बाजारात ‘वॉरक्राफ्ट’ जिंकला आणि तो विजय जबरदस्त होता. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच्या वर्गणीदारांचा आकडा १ कोटी २० लाखांवर गेला. त्यावरून खेळाडूंना आवाज नकोच होता असं कुणी म्हणेल, तर ते घाईचं ठरेल. त्या यशाची कारणं वेगळी होती. खेळ सोपा होता, साध्या संगणकावरही चालायचा आणि एकट्यानेसुद्धा खेळता यायचा. काम सांगणाऱ्या पात्राने बोलावं की नाही, हा प्रश्न मात्र नोव्हेंबर २००४ मध्येच उभा राहिला आणि पुढची वीस वर्षं या धंद्याला छळत राहिला.

मुळात या खेळांचा जन्मच अक्षरांत झाला. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचं पहिलं सामायिक संगणकी जग रचलं, त्यात चित्र नव्हतं की ध्वनी. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये चित्रं आली, पण बोलणं पात्रांच्या डोक्यावर तरंगणाऱ्या ओळींमध्येच राहिलं. मार्च १९९९ मध्ये आलेल्या पहिल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये तर खेळाडूलाच बोलावं लागायचं, म्हणजे टाइप करावं लागायचं. पहारेकऱ्यासमोर उभं राहून ‘हेल’ असं लिहायचं. तो उत्तर द्यायचा, त्यातला एखादा शब्द कंसात दिसायचा. तो शब्द वापरून पुढचा प्रश्न विचारायचा, की गाडी पुढे सरकायची. योग्य शब्द सापडला नाही तर पहारेकरी ढिम्म. तरीही त्या काळच्या खेळाडूंना ही पद्धत आवडायची. विचारपूस करून माहिती काढल्याचा आनंद तीत होता.

पात्रांना आवाज देणं तेव्हा अशक्य होतं असं नाही. ब्लिझार्डच्याच ‘डियाब्लो’मध्ये, १९९६ चं वर्ष संपता संपता, ट्रिस्ट्रम गावातली सगळी माणसं बोलत होती. लोहार, वैद्य, म्हातारा डेकार्ड केन. पडद्यावर मजकूर सावकाश वर सरकायचा आणि आवाज तो वाचून दाखवायचा. पण ट्रिस्ट्रममध्ये मोजकी माणसं होती आणि त्यांचं म्हणणं कायमचं ठरलेलं होतं. ऑनलाइन जगाची गोष्ट वेगळी. तिथे दर काही आठवड्यांनी काहीतरी बदलतं. तलवारीची ताकद कमी होते, गुहेचं दार हलतं, दहाऐवजी आठ लांडगे पुरे असं ठरतं. लिखित मजकुरात ‘दहा’चे ‘आठ’ करायला लेखकाला मिनिटभर लागतं. तोच आकडा कलाकाराच्या तोंडी गेला असेल तर त्याला परत बोलवा, स्टुडिओ घ्या, तेच चढ-उतार पुन्हा पकडायला सांगा, मग जर्मन आणि फ्रेंच कलाकारांकडूनही तेच करून घ्या. लेखी शब्द कंपनीचा असतो. उच्चारलेला शब्द एका जिवंत माणसाला बांधलेला असतो. पुढे जे जे झालं त्याचं मूळ इथे आहे.

वाचणाऱ्यांचाही प्रश्न होताच. ‘वॉरक्राफ्ट’च्या सुरुवातीच्या काळात क्वेस्टचा मजकूर एकदम दिसत नसे, तो ओळीमागून ओळ उमटत जाई. खेळाडूंनी वाचावं ही त्यामागची इच्छा. अनेकांनी सेटिंगमध्ये जाऊन मजकूर तत्काळ दाखवण्याचा पर्याय निवडला. या खेळाच्या रचनाकारांपैकी एक जेफ कॅप्लन यांनी २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं की त्यांच्याकडे एका क्वेस्टच्या मजकुराला ५११ अक्षरांची मर्यादा आहे. तिची त्यांना खंत नव्हती, उलट लेखकांनी आणखी आटोपशीर लिहावं, खेळात पुस्तक लिहायला बसू नये, असा त्यांचा आग्रह होता. लेखकाला कितीही झोंबलं तरी त्या म्हणण्यात तथ्य होतं. लढायला आलेला माणूस उभ्या उभ्या किती वाचणार?

‘एव्हरक्वेस्ट २’च्या पुढच्या विस्तारांमध्ये आवाजाचं प्रमाण घटत गेलं. सुरुवातीच्या भागात दुकानदारही घडाघडा बोलत होते, नंतर जोडलेल्या प्रदेशांत महत्त्वाची पात्रंसुद्धा अनेकदा मुकी राहिली.

फेब्रुवारी २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या टर्बाइन या कंपनीने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ आणला आणि आवाजाचा एक वेगळाच, मनाला भिडणारा उपयोग करून दाखवला. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मित्र टेबलाभोवती बसतात आणि त्यांच्यातला एकजण ‘डन्जन मास्टर’ होऊन काय दिसतं, कसला वास येतो, दाराआड काय खुडबुडतं हे सांगतो. हा खेळ मुळात ऐकण्याचाच आहे. टर्बाइनने तो निवेदक संगणकावर आणला. खेळाडू एखाद्या दालनात शिरला की एक आवाज त्या जागेचं वर्णन करू लागतो. काही मोहिमांसाठी त्यांनी खुद्द या खेळाच्या जन्मदात्यांना बोलावलं. डेलेराच्या थडग्याभोवती गुंफलेल्या क्वेस्टमालिकेचं निवेदन गॅरी गायगॅक्स यांनी केलं, तर थ्रेनलच्या अवशेषांमधल्या मालिकेला डेव्ह आर्नेसन यांचा आवाज लाभला.

गायगॅक्स मार्च २००८ मध्ये गेले, आर्नेसन एप्रिल २००९ मध्ये. टर्बाइनने डेलेराच्या कबरस्तानात गायगॅक्स यांचं स्मारक उभारलं आणि ती मालिका पूर्ण करणाऱ्याला ‘व्हॉइस ऑफ द मास्टर’ नावाचा अलंकार मिळू लागला. तो जवळ बाळगणाऱ्याला अनुभवाचे गुण थोडे जास्त मिळतात. पण स्मारकापेक्षाही मोलाची गोष्ट आहे ती त्या थडग्यात ऐकू येणारा म्हातारा, किंचित घोगरा, अनुभवी स्वर. ज्या माणसाने विस्कॉन्सिनमध्ये आपल्या घरच्या टेबलावर हा खेळ वाढवला, तो एका नवख्या खेळाडूला पायऱ्या उतरताना सोबत करतो. ५११ अक्षरांत हे साधलं नसतं.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’नंतर दोन वर्षांनी, मे २००८ मध्ये, ऑस्लोच्या फनकॉम कंपनीचा ‘एज ऑफ कोनन’ आला. त्यातल्या पहिल्या वीस पातळ्यांची कथा टॉर्टाज या बंदरात घडते. तिथे सगळी पात्रं उत्तम बोलतात, कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर जातो, खेळाडू उत्तर निवडतो. विसावी पातळी संपते, जहाज मुख्य भूमीला लागतं आणि समोरचं पात्र तोंड हलवतं पण शब्द ऐकू येत नाही. खेळाडूंचा फसवणूक झाल्याचा सूर लागला आणि तो रास्त होता. सुरुवातीपासून मुक्या असलेल्या जगाची सवय होते, बोलतं जग मध्येच मुकं झालं की काहीतरी बिघडलं आहे असंच वाटतं.

हाच धडा टेक्सासमधल्या बायोवेअर ऑस्टिनने गिरवला, पण उलट बाजूने. त्यांनी सगळंच बोलतं करायचं ठरवलं.

‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ची घोषणा ऑक्टोबर २००८ मध्ये झाली आणि खेळ २० डिसेंबर २०११ रोजी आला. त्यात आठ प्रकारची पात्रं, प्रत्येकाची स्वतंत्र कथा. तोवर ऑनलाइन खेळांत एनपीसी बोलायचे आणि खेळाडू ऐकायचा, इथे खेळाडूचं पात्रही बोलत होतं. आठ प्रकार, प्रत्येकी स्त्री आणि पुरुष, म्हणजे नायकांचेच सोळा आवाज, आणि ते इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा तीन भाषांत. रिपब्लिकच्या सैनिक स्त्रीला जेनिफर हेल, जेडाय योद्ध्याला डेव्हिड हेटर. ध्वनिमुद्रित ओळींची संख्या दोन लाखांच्या वर गेली आणि मनोरंजनाच्या क्षेत्रातला तोवरचा सर्वांत मोठा आवाज-प्रकल्प म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ‘लॉस अँजेलिस टाइम्स’ने जानेवारी २०१२ मध्ये या खेळाचा एकूण खर्च २० कोटी डॉलरच्या आसपास असल्याचं लिहिलं.

काटकसर जिथे शक्य होती तिथे केलीच. परग्रहावरचे जीव आपापल्या भाषेत बोलतात आणि अर्थ खाली अक्षरांत दिसतो. या परभाषांच्या तुकड्यांची संख्या मर्यादित होती, त्यामुळे तोच हेल, तीच आरोळी वेगवेगळ्या वाक्यांखाली पुन्हा पुन्हा ऐकू यायची. चाणाक्ष खेळाडूंनी ते लगेच हेरलं.

अनेकांनी मिळून एकाच संभाषणात भाग कसा घ्यायचा, या अडचणीवर बायोवेअरने काढलेली युक्ती अजूनही या प्रकारातली सर्वांत कल्पक वाटते. समजा चौघे मित्र मोहिमेवर आहेत. समोरचं पात्र प्रश्न विचारतं. चौघेही आपापलं उत्तर निवडतात. मग खेळ प्रत्येकासाठी फासे टाकतो आणि ज्याचा आकडा मोठा, त्याचं पात्र सर्वांच्या वतीने बोलतं. रिपब्लिकविरुद्ध लढणाऱ्या एम्पायरच्या बाजूची पहिली सामूहिक मोहीम ‘ब्लॅक टॅलन’ या जहाजावर घडते. तिच्या आरंभीच आज्ञा न पाळणाऱ्या कप्तानाला जिवंत ठेवायचं की ठार करायचं हे ठरवावं लागतं. दया दाखवायला निघालेल्या तिघांच्या देखत चौथ्याचा फासा वर पडतो आणि कप्तान मरतो. पुण्याचा हिशेब मात्र ज्याच्या त्याच्या निवडीप्रमाणे होतो, दयाळू उत्तर निवडणाऱ्याला त्याचे गुण मिळतातच. एकत्र बसून गोष्ट ऐकण्यातली मजा, भांडण, हशा हे सगळं त्या क्षणात होतं.

पण हा क्षण पहिल्यांदाच येतो. दहाव्यांदा त्याच जहाजावर जाणाऱ्याला कप्तानाची कैफियत ऐकायची नसते, त्याला शेवटच्या पेटीतलं चिलखत हवं असतं. स्पेसबार दाबला की वाक्य ओलांडता येतं, पण चौघांनीही दाबावा लागतो. मग गटाच्या गप्पांच्या खिडकीत एकच शब्द वारंवार येऊ लागला, ‘स्पेसबार!’ नवखा खेळाडू बिचारा मन लावून ऐकत असायचा आणि बाकीचे तिघे त्याच्या नावाने खडे फोडायचे. वाचणारा आपल्या गतीने वाचतो, भरभर किंवा रमतगमत, आणि त्याचा दुसऱ्याला त्रास होत नाही. ऐकण्याची गती बोलणारा ठरवतो. चार जणांच्या चार गती एका आवाजात बसवणं कुणालाच पूर्णपणे जमलेलं नाही.

याहून मोठी अडचण वेगाची होती. कथा घडवायला बायोवेअरला वर्षं लागली, अनेकांनी पन्नासावी, म्हणजे शेवटची पातळी काही आठवड्यांत गाठली. फेब्रुवारी २०१२ मध्ये बायोवेअरची मालक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १७ लाख वर्गणीदार जाहीर केले, मे महिन्यात आकडा १३ लाखांवर आला, जुलैअखेर तो १० लाखांच्या खाली गेला. १५ नोव्हेंबर २०१२ पासून खेळ विनामूल्य खेळता येऊ लागला. पुढच्या विस्तारांत आठ स्वतंत्र कथा पुढे नेणं थांबलं. ऑक्टोबर २०१५ च्या ‘नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर’मध्ये सगळ्यांसाठी एकच कथा होती, बोलणारे सोळा आवाज मात्र टिकले. या खेळाला अपयशी म्हणणाऱ्यांशी सहमत होणं अवघड आहे. तो आजही चालू आहे, आणि त्यातल्या इम्पीरियल एजंट या हेराच्या कथेची आठवण काढणारे खेळाडू जगभर भेटतात.

आवाजाने एक गोष्ट खेळाडूकडून काढूनही घेतली, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याचं नाव. लेखी मजकुरात खेळाडूने घेतलेलं नाव आपोआप बसवता येतं. ‘वॉरक्राफ्ट’मधला शेतकरी खेळाडूला त्याच्या नावाने हाक मारून काम सांगू शकतो. कलाकाराला मात्र लक्षावधी नावं उच्चारता येणार नाहीत. म्हणून मग पदव्या आल्या. ‘ओल्ड रिपब्लिक’मधला हेर ‘सायफर नाइन’ झाला, तस्कर नुसता ‘कॅप्टन’. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये प्रत्येकजण ‘कमांडर’, ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये ‘व्हेस्टिज’. खेळाडूने विचारपूर्वक निवडलेलं नाव डोक्यावर दिसत राहतं, पण कुणीच ते उच्चारत नाही.

‘ओल्ड रिपब्लिक’नंतर मागे फिरणं कठीण झालं. फनकॉमने जुलै २०१२ च्या ‘द सीक्रेट वर्ल्ड’मध्ये मधला मार्ग काढला. काम देणारी पात्रं तिथे लांबलचक, रसाळ बोलतात आणि खेळाडू एक शब्दही न बोलता ऐकतो. जपानी ‘फायनल फँटसी १४’ने २०१३ च्या नव्या अवतारात मुख्य कथेतल्या निवडक प्रसंगांनाच आवाज दिला, तो चार भाषांत, आणि बाकी सारं अक्षरांवर सोपवलं. एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने मात्र हात आखडता घेतला नाही. रस्त्यावरचा किरकोळ कामं देणारा माणूसही तिथे बोलतो. आंधळ्या प्रेषिताला मायकेल गॅम्बन यांचा आवाज होता, राणी आयरेनला केट बेकिन्सेलचा, राजा एमेरिकला बिल नाय यांचा आणि डोक्यावर भांडं घालून फिरणाऱ्या सर कॅडवेलला जॉन क्लीझ यांचा. क्लीझ यांचा कॅडवेल खेळाडूंचा लाडका झाला. कागदावर त्याचा विनोद साधाच आहे, क्लीझ यांच्या तोंडून तो फुलतो. २०२२ साली या खेळाने स्पॅनिश भाषा जोडली ती मात्र फक्त मजकुरापुरती. तोवरच्या आठ वर्षांचं बोलणं आणखी एका भाषेत नव्याने ध्वनिमुद्रित करणं किती जड पडलं असतं, हे त्यावरून समजावं.

बोलत्या जगाचं माणसावरचं अवलंबित्व २०२० मध्ये एकाएकी उघडं पडलं. कोविडच्या साथीमुळे स्टुडिओ बंद झाले आणि ‘गिल्ड वॉर्स २’च्या कथेचं नवं प्रकरण मे महिन्यात आवाजाविना आलं. एरवी बडबडणारे सहकारी नुसते ओठ हलवत होते. त्याआधी २०१६-१७ मध्ये अमेरिकेतल्या सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेने अकरा कंपन्यांविरुद्ध जवळपास अकरा महिने संप केला होता. वाढीव मोबदला ही एक मागणी होती आणि तितकीच महत्त्वाची दुसरी मागणी गळ्याची होती. युद्धातल्या किंकाळ्या, मरतानाचे चीत्कार तासन्‌तास ध्वनिमुद्रित करताना कलाकारांचे गळे अक्षरशः दुखावत होते.

यानंतर यंत्र आलं. २०२३ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’साठी खेळाडूंनीच ‘व्हॉइसओव्हर’ नावाची जोडणी तयार केली. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले आवाज २००४ चे जुने क्वेस्ट वाचून दाखवू लागले. एकोणीस वर्षं मुका असलेला शेतकरी बोलायला लागला. अनेकांनी ते मजकूर पहिल्यांदाच पूर्ण ऐकले, आणि धावत्या घोड्यावर बसून गोष्ट ऐकण्याचं सुख त्यांना मिळालं. डोळ्यांना त्रास असलेल्यांना तर हा खेळ नव्याने खुला झाला. हे खरं आहे आणि ते नाकारू नये. पण हा आवाज जेफ कॅप्लन यांची ५११ अक्षरं वाचून दाखवतो, त्यात क्लीझ यांचा कॅडवेल नाही. शिवाय असे आवाज घडवायला यंत्राला आधी खऱ्या माणसांचे आवाज ऐकवावे लागतात.

२६ जुलै २०२४ रोजी सॅग-आफ्ट्राने पुन्हा संप पुकारला तो याच मुद्द्यावर. आपल्या आवाजाची आणि हालचालींची डिजिटल प्रतिकृती आपल्याला न विचारता, मोबदला न देता वापरली जाऊ नये. संपाच्या झळा थेट खेळांमध्ये जाणवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या नव्या भागात आणि ‘डेस्टिनी २’मध्ये काही पात्रांच्या इंग्रजी ओळी मुक्या राहिल्या. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्येही इंग्रजीत खेळणाऱ्यांना तोच अनुभव आला, चिनी आणि जपानी आवाज मात्र चालू होते. मे महिन्यात ‘फोर्टनाइट’ने ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ व्हेडरला खेळाडूंशी थेट, तत्काळ बोलतं केलं, आदल्या सप्टेंबरात निवर्तलेल्या जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात. कुटुंबीयांची परवानगी होती, तरी संघटनेशी वाटाघाट न करता कलाकारांचं काम यंत्राला दिल्याची तक्रार सॅग-आफ्ट्राने दाखल केली.

जून २०२५ मध्ये संप स्थगित झाला आणि ९ जुलैला सदस्यांनी नव्या कराराला मान्यता दिली. मोबदल्यात लगेच १५.१७ टक्के वाढ ठरली. डिजिटल प्रतिकृती वापरण्यापूर्वी कलाकाराची संमती घेणं आणि ती कशासाठी हवी आहे हे सांगणं कंपन्यांना बंधनकारक झालं. संप चालू असताना आपल्या प्रतिकृतीकडून नवी वाक्यं घडवून घेण्याची संमती कलाकाराला थांबवता येईल, असं कलमही त्यात आहे.